तिसरी तार

इंदोरा, नागपूर
१९ सप्टेंबर १९८५

प्रिय कौसल्या,

सप्रेम जयभीम.

शाळा सुटली आहे. मुलं गेली, चपराशानं खिडक्या लावून घेतल्या आणि मी चौथीच्या वर्गात बसून हे लिहिते आहे. घरी बसले असते तर पूर्ण झालं नसतं. अक्षर मोठं काढते, ओळी सुट्या ठेवते. तू अक्षर लावून लावून वाचतेस हे मला ठाऊक आहे. मीच तर शिकवलं होतं तुला, विहाराच्या ओट्यावर, तुझी थोरली पोटात होती तेव्हा. एक विनंती आहे. हे पत्र आधी तू एकटी वाच. दुसऱ्या कोणाकडून वाचून घेऊ नकोस.

परवा तू मेडिकलच्या दवाखान्यातून थेट आमच्याकडे आलीस. चहा नको म्हणालीस, नुसतं पाणी प्यायलीस. तुझ्या मालकांच्या, लहानूभाऊंच्या छातीचा फोटो पाकिटातून काढून माझ्या हातात दिलास. मला त्यातलं काय कळणार, पण मी तो उजेडाकडे धरून उभी राहिले, कारण तुझ्याकडे बघावं लागत नव्हतं. तू जे जे बोललीस त्याला मी एका शब्दानं उत्तर दिलं नाही. बसमध्ये बसल्यावर तुला वाटलं असेल, कांता आता मास्तरीण झाली, पक्क्या घरात राहते, आपल्या दुखण्यावर फुंकर घालायला तिच्याजवळ दोन शब्द नाहीत. तसं नव्हतं, कौसल्या. माझ्याजवळ उत्तर होतं, सात वर्षांपासूनचं.

आमच्या घरातली ती मागची लहान खोली तुला आठवत असेल. आठ फूट लांब, सात फूट रुंद. आम्ही राहायला आलो तेव्हा तिच्यात कोळसा, जळाऊ लाकडं आणि एक मोडकी सायकल होती. उत्तरा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला गेली तेव्हा तिच्या बाबांनी ठरवलं की पोरीला अभ्यासाला स्वतंत्र खोली हवी. आपल्या वस्तीतली एकही मुलगी तोवर तिथपर्यंत गेली नव्हती. लोक रस्त्यात थांबवून तिच्या मार्कांबद्दल विचारायचे. ऑफिसातून आले की हे बनियनवर फरशी बसवायला लागत. शहाबादी फरशी, एकेक तुकडा उत्तरानं उचलून द्यायचा आणि यांनी बसवायचा. भिंतींना चुना, त्यात नीळ थोडी जास्त पडली म्हणून खोली निळसर दिसायची. ती मला म्हणाली होती, आई, आभाळात बसून अभ्यास केल्यासारखं वाटतं. इतकं चांगलं बोलायची ती. खिडकी मात्र लहान होती. पूर्वेची भिंत फोडून मोठी केली, कारण कूलर तिथे आणायचा होता.

तो कूलर तोवर समोरच्या खोलीत असायचा. लोखंडी पत्र्याचा, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या. तोही लहानूभाऊंनीच बसवलेला. कूलर लागला की दुपारी शेजारच्या बायका मुलं घेऊन यायच्या, तूही यायचीस. खोली तयार झाल्यावर प्रश्न आला तो कूलर हलवायचा. एप्रिल संपत आला होता, लू सुरू झाली होती, पेपर पुढच्या आठवड्यात होते. यांनी लहानूभाऊंना निरोप धाडला. दोघं छप्पन साली एकाच दिवशी, एकाच रांगेत उभं राहून दीक्षा घेतलेले. एक पुढे कारकून झाला, एक वायरमन, पण आमच्या घरातला खिळासुद्धा लहानूभाऊंना विचारल्याशिवाय ठोकला जात नव्हता.

गुरुवारी सकाळी ते आले. दिवसभर काम केलं. कूलर नव्या खिडकीत बसवला, पायाखाली लाकडाची घोडी दिली, टेबलावरच्या दिव्यासाठी दोन पिनांचं एक लहान सॉकेट लावून दिलं. उत्तरा सारखी त्यांच्या मागे मागे. तिला विजेचं सगळं पुस्तकातून माहीत होतं आणि त्यांना हातातून, त्यामुळे दोघांची जुंपायची. कूलरच्या प्लगात तीन तारा होत्या. लाल, काळी आणि हिरवी. उत्तरानं मला मुद्दाम बोलावून दाखवलं. कूलर लालकाळ्या तारांवर चालतो, हिरवी तार काही करत नाही. पण पत्र्यात कधी वीज उतरली तर ती हिरवी तार तिला जमिनीत घेऊन जाते, माणसाच्या अंगातून जाऊ देत नाही. लहानूभाऊंनी माझ्यासमोर ती हिरवी तार स्क्रूखाली घातली, पेचकसानं आवळली, ओढून पाहिली. मग प्लग बंद करून दोन तारांच्या टोकाला लावलेला त्यांचा तो दिवा धरून तपासलं. दिवा लागला, म्हणजे हिरवी तार नीट जोडली गेली होती. उत्तरानं टाळी वाजवली. मी कणकेच्या हातानं दारात उभी होते. मी हे पाहिलं आहे.

तीन पिनांचं सॉकेट समोरच्या खोलीत होतं. लहान खोलीत लावायला तसलंच दुसरं त्यांना दुकानात मिळालं नव्हतं. आणि तुझ्या भावाच्या लग्नासाठी शुक्रवारी तुम्ही सगळे काटोलला निघणार होता. म्हणून त्यांनी कूलरची लांब तार लहान खोलीच्या दारातून बाहेर काढून समोरच्या खोलीतल्या सॉकेटला लावली. जाताना यांना बजावून गेले. म्हणाले, "हे टेबलाजवळचं दिव्यापुरतं आहे, गा मनोहर. कूलर याच्यावर लावू नोको. सोमवारी मी बोर्ड आनतो, तोवर तार दारातून राहू दे." हे हो म्हणाले.

तार दारातून गेल्यामुळे दार लागेना. शेजारी रेडिओ, अंगणात पोरं, माझी भांडी. शनिवारी उत्तरा मला म्हणाली, आई, दार लागत नाही, डोक्यात काही शिरत नाही. मी ते यांना सांगितलं. कौसल्या, हे मी सांगितलं. मी सांगितलं नसतं तर, हा विचार मी इतक्यांदा केला आहे की आता त्याला धार उरलेली नाही. यांनी एक दोन पिनांचा प्लग शोधून आणला. लहानूभाऊंनी लावलेला तीन पिनांचा प्लग काढला, लाल आणि काळी तार दोन पिनांना लावली, हिरवी मागे दुमडून टाकली आणि कूलर टेबलाजवळच्या त्या दिव्याच्या सॉकेटवर लावला. मी विचारलं, लहानूभाऊ नको म्हणाले होते ना. हे म्हणाले, दोन दिवसांचा प्रश्न आहे, तो सोमवारी येऊन करेलच. दार लागलं. उत्तरा खूश झाली.

रविवारी बाराच्या सुमाराला ती कूलरमध्ये पाणी भरत होती. अनवाणी, नव्या फरशीवर पाणी सांडलेलं. मला बादली पडल्याचा आवाज आला. दार आतून नुसतं लोटलेलं होतं. तिचा हात पत्र्यावर होता. तिला हात लावायचा नाही एवढं मला गुरुवारी लहानूभाऊंकडून ऐकलेलं आठवलं, म्हणून मी टेबलाजवळचा तो प्लग उपटला. तेव्हा ती खाली पडली. यापुढचं मी लिहीत नाही. तू नव्हतीस, पण तू आई आहेस.

दुपारी तिला मेडिकलमध्ये नेलं. मला बायकांनी समोरच्या खोलीत आडवं केलं होतं. साडेतीन-चार वाजता हे परत आले. तिचं वय लिहून द्यायला शाळेचा दाखला हवा होता. दाखला ट्रंकेत होता, पण हे आधी लहान खोलीत गेले. दार अर्धवट उघडं होतं. मी पडल्या पडल्या पाहिलं. हे कूलरजवळ जमिनीवर बसले होते आणि त्यांच्या हातात पेचकस होता. दोन पिनांचा प्लग काढून ते लहानूभाऊंचा तीन पिनांचा प्लग पुन्हा बसवत होते. मग तार दारातून बाहेर आणून त्यांनी ती पहिल्यासारखी समोरच्या खोलीत लावली, माझ्या उशापासून हातभर अंतरावर. बटण बंदच होतं. बायकांना वाटलं, बाप पोरगी पडली त्या जागी जाऊन बसला. त्या जास्तच रडायला लागल्या.

लहानूभाऊ संध्याकाळी काटोलच्या बसमधून उतरून पिशवीसकट आले. त्यांना मोटार स्टँडवरच कोणीतरी सांगितलं होतं. तोवर पोलीस येऊन गेले होते, आणि आपल्या वस्तीतले लोक अंगणात बसले होते. कूलर कोणी बसवला म्हणून पोलिसांनी विचारलं तेव्हा हे एवढंच म्हणाले होते की गुरुवारी लहानूनं बसवला. यात खोटं काही नव्हतं. लहानूभाऊ कोणाशी न बोलता आत आले, प्लग सॉकेटमधून काढला आणि सगळ्यांसमोर स्वतःच्या हातानं उघडला. लाल तार आवळलेली, काळी तार आवळलेली. हिरवी मागे दुमडलेली. ते खाली बसले. पुष्कळ वेळ प्लगाकडे नाही, आपल्या उजव्या हाताकडे बघत होते. मग यांना म्हणाले, "मनोहर, माह्याच्यानं राहून गेलं."

आणि यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मी तिथे होते. मी उठून एवढंच म्हणायचं होतं की लहानूभाऊ, तुम्ही लावली होती. माझं तोंड उघडलं नाही.

पुढचं तुला माहीत आहे. तरुण पोरं चिडली, लहानूभाऊंना चौकीत न्यायला निघाली. यांनी अडवलं. म्हणाले, माझी मुलगी गेली, आता दुसऱ्याचं घर नको बुडवायला. साऱ्या वस्तीत त्याचं कौतुक झालं. विहारात शोकसभेला एका वयस्क माणसानं उभं राहून सांगितलं की करुणा म्हणजे काय ते मनोहररावांकडून शिकावं. तू त्या सभेत माझ्या शेजारी बसून रडत होतीस. लहानूभाऊ सर्वांत मागे चपलांजवळ बसले होते. पूर्वी दर रविवारी वंदना तेच सांगायचे आणि आम्ही मागून म्हणायचो. नंतर ते आलेच नाहीत. वायरमनचं लायसन त्यांनी पेटीत टाकलं. तुझ्या भावानं काटोलच्या मंडीत संत्र्याच्या पेट्या ठोकायचं काम मिळवून दिलं आणि तुम्ही गेलात. ज्या माणसानं अर्ध्या इंदोऱ्यात दिवे लावले, तो सात वर्षं फळ्यांना खिळे मारत बसला. तुमच्या काटोलच्या घरात त्यांनी वीज घेऊ दिली नाही, हे तू परवा सांगितलंस तेव्हा मला कळलं.

तू विचारशील, गप्प काहून राहिलीस. पहिले काही दिवस मला वाटायचं, मी बोलले तर हे जीव देतील. अन्न सोडलं होतं त्यांनी. मूल गेलं, आता नवराही घालवू का, असा हिशेब मी केला. मग महिना गेला. मग वाटलं, आता सांगितलं तर लोक विचारतील, तेव्हा का नाही सांगितलं. मग तुम्ही गाव सोडलं आणि मला सुटल्यासारखं झालं, हेही लिहूनच टाकते. रविवारी विहारात पंचशील म्हणताना चौथं शील आलं की माझे ओठ नुसते हलतात. खोटं बोलणार नाही, असं ते शील. मी मनाला समजवायचे की मी खोटं कुठे बोलले, मी फक्त बोलले नाही. शाळेत एखादं पोर दुसऱ्याच्या माथी चोरी मारून गप्प बसलं तर मी त्याला उभं करते. आणि घरी येऊन ज्या माणसाला भाकरी वाढते, त्याच्याशी या विषयावर सात वर्षांत एक वाक्य बोलले नव्हते. कूलर भंगारात गेला. त्यानंतर आम्ही दुसरा आणला नाही. उन्हाळ्यात हे त्या लहान खोलीत, खिडकी बंद करून फरशीवर झोपतात. मी कधी उठवलं नाही. पण त्यांच्या त्या घाम गाळण्यानं तुझ्या घरात कोणाला काय मिळालं?

परवा तू गेल्यावर मी प्रथमच बोलले. हे खाटेवर बसले होते. मी म्हटलं, त्या दिवशी तुमच्या हातात पेचकस होता, मी पाहिलं होतं. हे म्हणाले, "तू पाहिलंस, हे मला माहीत होतं." म्हणजे सात वर्षं आम्ही दोघं एकमेकांना ओळखून जेवत होतो. मी एकच गोष्ट विचारली. प्लग पुन्हा बसवलात, दोन तारा लावल्यात, मग तिसरी तशीच का सोडली? घाईत राहिली, की मुद्दाम? म्हणाले, मी हा प्रश्न स्वतःला रोज विचारतो, मला उत्तर येत नाही. ते खरं बोलत होते की नाही मला सांगता येणार नाही, आणि तुलाही मी त्यांच्यावर विश्वास ठेव म्हणत नाही. मी कागद आणि पेन पुढे ठेवलं. म्हटलं, तुमच्या हातानं लहानूभाऊंना लिहा. काल दिवसभर कागद त्यांच्यापुढे होता. संध्याकाळी त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि दोन्ही माझ्यासमोर आणून ठेवलं. म्हणाले, तू लिही, माझं नाव लपवू नको. तेवढंच.

तेव्हा हे पत्र तुझं आहे. विहारात वाच, चौकीत दे, तुझ्या पोरांना दाखव. मी नाही म्हणणार नाही. रविवारी वंदनेनंतर मी स्वतः सगळ्यांसमोर उभी राहून सांगणार आहे. हे येतील की नाही मला माहीत नाही. क्षमा मी मागत नाही. मागायची असती तर सात वर्षांपूर्वी, लहानूभाऊ आमच्या घरात खाली बसले तेव्हा मागायची होती.

आता हे आजच का लिहिलं ते सांगते. परवा निघताना तू यांच्या पाया पडलीस. म्हणालीस, "दादा, तवा तुमी पोलिसात गेले असते तर माहे लेकरं उघड्यावर आले असते. तुमचे उपकार या जन्मात फिटत नाही." यांनी पाय मागे घेतले, तुला वाटलं मोठेपणानं घेतले. मग फाटकापाशी मला एकटीला तू जे सांगितलंस ते मला त्या क्षणापासून सोडत नाही. डॉक्टरांनी लहानूभाऊंना आता घरी ठेवा म्हटलं आहे. ते औषध मागत नाहीत, पोरांची नावंही घेत नाहीत, तुला जवळ बोलावून एकच विचारतात: "मले सांग वं, मी ते तार आवळली होती का? दिवा लागला होता असं मले आठवते. पण तो कोनाच्या घरी लागला, ते आठवत नाही." आणि तू म्हणतेस, जाऊ द्या, झालं ते झालं. कौसल्या, आता तसं म्हणू नकोस. त्यांना सांग, दिवा आमच्याच घरी लागला होता. सांग, लहानूभाऊ, तार तुम्ही आवळली होती, ओढून पाहिली होती, तुमच्या हातून काहीही राहून गेलं नव्हतं. कांतानं डोळ्यांनी पाहिलं आणि लिहून दिलं आहे. त्यांना ऐकायला कमी येतं म्हणालीस, तर अगदी जवळ बसून मोठ्यानं वाच. विसरून पुन्हा विचारतील. पुन्हा वाच.

‘तुझीच’ लिहायचा हक्क माझा मीच घालवला, म्हणून नुसतं नाव लिहिते.

कांता